बिजलीच्या बिस्किटांविषयी

विश्रामबाग, सांगली
दि. १६ फेब्रुवारी

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. तुमची कुत्री बिजली घरात रुळली, रात्री रडायची थांबली आणि सई शाळेतून यायच्या वेळी स्वतःहून फाटकाशी जाऊन उभी राहते, हे वाचून फार समाधान वाटले. तिच्यासाठी बाजारातली पुडकी आणण्याऐवजी फळांची आणि भाज्यांची बिस्किटे घरीच भाजायची, हा तुमचा बेत तर मला मनापासून आवडला. पण त्याच पत्रात तू लिहिले आहेस की, बिस्किटांत साखर घालायची नाही म्हणून गोडीपुरते बेदाणे घालू, तेवढे तासगावचे चांगले बेदाणे किलोभर पाठवून दे. अविनाश, उरलेले पत्र सवडीने वाचलेस तरी चालेल, पण एवढे आधी घरातल्या सगळ्यांना सांग, सईला तर नक्कीच सांग: द्राक्ष, बेदाणा, मनुका यांतले काहीही बिजलीला द्यायचे नाही. कच्चे नाही, शिजवून नाही आणि बिस्किटात भाजूनही नाही, कारण ओव्हनच्या उष्णतेने त्यातला दोष जात नाही.

हे सांगलीच्या माणसाने लिहावे याचे तुला नवल वाटेल. सध्या इकडे द्राक्षांचा हंगाम भरात आहे, तासगाव आणि कवठेमहांकाळकडच्या शेडवर जाळ्यांवर द्राक्षे वाळत पडली आहेत, आणि सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा मला इथल्या कोणाही बागायतदाराइतकाच अभिमान आहे. पण द्राक्षे आणि बेदाणे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे अमेरिकेतील पशुवैद्यकांनी २००१ सालीच नोंदवून ठेवले आहे. ते का होते याचा उलगडा मात्र पुढची वीस वर्षे झाला नव्हता. कोणी फवारणीच्या औषधांना दोष देत असे, कोणी बुरशीला. २०२१ साली तिथल्याच प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातील पशुवैद्यकांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले आणि आज तेच कारण सर्वांत पटण्याजोगे मानले जाते. हे आम्ल द्राक्षात उपजतच असते, त्यामुळे बिनफवारणीची, अगदी परसातल्या वेलीची द्राक्षेही तितकीच वर्ज्य ठरतात. जातीप्रमाणे आणि फळाच्या पक्वतेप्रमाणे आम्लाचे प्रमाण कमीअधिक होत असल्याने एखादा कुत्रा मूठभर द्राक्षे खाऊनही धडधाकट राहतो आणि दुसरा थोड्याशा दाण्यांनी आजारी पडतो. तेव्हा ‘आमचे कुत्रे द्राक्षाच्या बागेतच लहानाचे मोठे झाले’ असे कोणी तुला सांगितले, तर त्याचे म्हणणे खोटे असेलच असे नाही, पण तेवढ्या भरवशावर बिजलीचा जीव धोक्यात घालू नये. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते, म्हणून आमटीत कालवलेला भातसुद्धा तिला देऊ नका.

मला खरी काळजी वाटते ती प्रसादाची. बेदाण्याचा डबा तू वरच्या फळीवर ठेवशील, परंतु सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, आणि ‘मुक्या जिवालाही प्रसाद मिळू दे’ म्हणून कोणी तरी मायेने द्रोणातला घास तिच्यापुढे ठेवतेच. अशा वेळी पाहुण्यांना संकोच न करता सांगावे. त्यातूनही तिने काही खाल्लेच, तर लक्षणांची वाट पाहू नका. एका दिवसाच्या आत उलट्या सुरू होतात, मग कुत्रे मलूल होते, खाणे सोडते, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. त्या टप्प्यावर उपचार फार अवघड होतात. खाल्ल्यापासून पहिल्या तास-दोन तासांत पशुवैद्याकडे पोहोचलात, तर ते सुरक्षितपणे उलटी करवून घेऊ शकतात. घरी मिठाचे पाणी पाजण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका, कारण त्या मिठानेही कुत्र्याला विषबाधा होते. साताऱ्यातला जवळचा पशुवैद्य कोण, तो रात्री भेटतो का, हे आजच विचारून ठेव. पुण्याच्या रस्त्याला शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचाही आधार आहे.

दुसरी गोष्ट आपल्या सातारा-सांगलीच्या स्वयंपाकघराची. आपल्याकडे कांदा-लसूण मसाल्यावाचून भाजी होत नाही, आणि कांदा व लसूण हे दोन्ही कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी मोडून टाकतात. लसूण तर कांद्याहूनही तीव्र, आणि वाळवून पूड केली की दोन्हींचा जोर वाढतो. म्हणून बिस्किटांसाठी भाजी वेगळी वाफवायची. आपल्यासाठी परतलेल्या भोपळ्याच्या भाजीतून चार फोडी काढून घेतल्या, असे करायचे नाही. कोको, चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले काहीही वर्ज्यच समज. हे झायलिटॉल शुगर-फ्री म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पदार्थांत आणि बाहेरच्या काही पीनट बटरमध्येही असते, आणि त्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर अर्ध्या तासातही धोकादायक पातळीला उतरू शकते. आपल्याकडे घरोघरी शेंगदाण्याचे कूट असते. ते असताना विकतच्या बरणीची गरजच काय?

आता करायचे कसे, ते लिहितो. मी लाल भोपळ्यावर सर्वांत अधिक विसंबतो. तो बाराही महिने मिळतो, स्वस्त असतो, त्यातला तंतू पोटाला सौम्य असतो, आणि त्यातल्या बीटा कॅरोटीनपासून कुत्र्याचे शरीर अ जीवनसत्त्व तयार करू शकते. भोपळ्याची साल आणि बिया काढून, मोठ्या फोडी कुकरच्या भांड्यात पाणी न घालता वाफवाव्यात आणि निवल्यावर पुरणयंत्रातून काढाव्यात. गर फार ओला वाटला तर स्वच्छ पंचावर थोडा वेळ निथळत ठेवावा, नाही तर पीठ फार लागते आणि बिस्किट नुसत्या पिठाचे होते. दोनशे ग्रॅम कणीक, शंभर ग्रॅम ज्वारीचे पीठ, दीडशे ग्रॅम गर, एक अंडे आणि मोठा चमचाभर कूट, एवढेच साहित्य. मीठ नाही, गूळ नाही, तूप नाही, सोडा नाही. शेंगदाणे भाजून, फोलपटे पाखडून घ्यावेत आणि एखादा दाणा जरी कुबट किंवा कडू लागला तरी सगळेच दाणे टाकून द्यावेत, कारण शेंगदाण्यावरच्या बुरशीचे विष कुत्र्याच्या यकृताला फार बाधते. नुसत्या ज्वारीची बिस्किटे करून पाहू नकोस. ज्वारीला चिकटपणा नसल्यामुळे लाटतानाच कडा फाटतात.

पीठ पुरीच्या पिठाइतके घट्ट मळून थोडा वेळ झाकून ठेवावे. मग पोळपाटावर अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटून शंकरपाळ्याच्या कातण्याने चौकोन पाडावेत आणि प्रत्येकाला काट्याने दोन-तीन टोचे मारावेत, म्हणजे ती फुगत नाहीत. एवढ्या पिठात साधारण सत्तर तुकडे होतात. कातणे सईच्या हातात दे. चौकोन वाकडे झाले तरी बिजलीची काही तक्रार असणार नाही. ओव्हन १६० अंशांवर आधी तापवून घ्यावा आणि पंचवीस ते तीस मिनिटे भाजावे. भोपळ्याचा गोडसर, थोडा मातकट वास सुटू लागला की आमचा टिपू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पुढचे दोन्ही पाय नेमके जोडून बसतो आणि ओव्हनच्या काचेवरून नजर हलवत नाही. भाजून झाल्यावर ओव्हन बंद करून बिस्किटे आतच निवू द्यावीत. मग एक मधोमध मोडून पाहावे. टक्कन तुटले आणि आतला रंग बाहेरच्यासारखाच कोरडा दिसला तर झाले. आत गडद, ओलसर रेघ दिसली तर शंभर अंशांवर आणखी अर्धा तास ठेवावे. ही रेघ नीट पाहण्याचा कंटाळा करू नकोस, कारण बुरशी धरते ती तिथूनच. ओव्हन मोकळा नसेल तर जाड बुडाच्या कढईत चाळणी ठेवून, वर झाकण घालून मंद आचेवरही भाजता येतात, मात्र त्याला वेळ अधिक लागतो आणि खालची बाजू सारखी पाहावी लागते.

भोपळ्याच्या जागी गाजर घेता येते, आणि सध्या लाल गाजरे चांगली आहेत तोवर ती जरूर घे. गाजरात अर्धे सफरचंद किसून घातले तर तुला हवी होती ती गोडी आपसूक येते. कुत्र्यांना गोड चव कळते आणि आवडतेही, त्यासाठी आणखी काही घालावे लागत नाही. सफरचंदाचा मधला भाग बियांसकट काढून टाकावा, कारण त्या बिया चावल्या गेल्या की त्यांतून सायनाइड सुटते. पिकलेले केळे चालते, पण त्यात साखर पुष्कळ असल्यामुळे मी ते क्वचितच वापरतो. महाशिवरात्रीच्या सुमारास येणाऱ्या रताळ्यांचे तर पीठही मळावे लागत नाही. ती उकडून, सोलून, अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करून शंभर अंशांवर अडीच-तीन तास वाळवल्या की चिवट होतात आणि कुत्रे त्या बराच वेळ चघळत बसते. श्रावणघेवडा वाफवून बारीक चिरून घालता येतो. दुधी घालायचा असेल तर आधी कच्चा तुकडा स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहा आणि कडू लागला तर फेकून दे. कडू दुधी माणसालाही घातक असतो. आंबा आता येईलच, त्याची कोय तेवढी तिच्या हाती लागू देऊ नका.

प्रमाणाबद्दल मात्र मी तुझ्याशी थोडा वाद घालणार आहे. तू लिहितोस की बिजलीच्या बरगड्या दिसतात, म्हणून तिला भरपूर खाऊ घालायचे. अरे, ती कारवान जातीची आहे. तिकडे मुधोळला याच कुत्र्यांना मुधोळ हाउंड म्हणतात आणि २००५ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीटही काढले. ही धावणारी, सडसडीत कुत्री असतात. शेवटच्या काही बरगड्या दिसणे हे तिच्या जातीला शोभणारेच आहे, आणि तिला गुबगुबीत केलेस तर तो भार तिच्या सांध्यांवर पडेल. खाऊ हा दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असे पशुवैद्यक सांगतात. वर सांगितलेल्या मापाच्या एका बिस्किटात सतरा-अठरा कॅलरी असतात. टिपू दहा किलोचा आहे. त्याला दिवसभरात सहाशेच्या आसपास कॅलरी लागतात, म्हणून त्याची तीन बिस्किटे. बिजली वीस किलोची भरली तर तिला पाच-सहा पुरेत, आणि तीही एकदम नव्हे. हाक मारल्यावर आली, पट्टा बांधताना शांत उभी राहिली, अशा वेळी एकेक द्यावे. तुकडा मोडून अर्धा दिला तरी तिचा आनंद तेवढाच असतो. जेवण म्हणून ही बिस्किटे कधीही देऊ नका, त्यात प्रथिने आणि कॅल्शियम तिच्या गरजेइतके नसतात.

ठेवण्याबाबत थोडेच सांगायचे आहे. पूर्ण कडक झालेली बिस्किटे घट्ट झाकणाच्या डब्यात दोनच आठवडे राहतात, कारण त्यात टिकवण्यासाठी काहीच घातलेले नसते. पावसाळ्यात, विशेषतः तुमच्या साताऱ्याच्या दमट हवेत, डबा बाहेर ठेवूच नका. थोडी थोडी करा, उरलेली फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागतील तेवढीच काढा. रताळ्याच्या चकत्या कडक नसल्यामुळे फ्रीजमध्ये ठेवूनही चार-पाच दिवसांत संपवाव्यात. डब्यातून कुबट वास आला किंवा पांढुरका ठिपका दिसला तर तेवढेच बिस्किट काढून बाकीची वापरू नका, सगळा डबा रिकामा करा.

पहिल्या घाण्यातले पहिले दोन दिवस तिला अर्धेच बिस्किट देऊन पोट कसे राहते ते पाहा. शौच पातळ झाले तर थांबा, नाही तर हळूहळू वाढवा. अंडे किंवा गहू तिला सोसत नाही असे वाटले तर कळव, म्हणजे बदलता येईल. पुढच्या पत्रात तिचे वजन आणि पशुवैद्यांनी काय सांगितले ते न विसरता लिही. भोपळा आधी करता की गाजर, तेही कळव. सईने कातलेली दोन-चार बिस्किटे टिपूसाठी पाठवलीस तर फारच छान.

सौ. वहिनींना नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत