दोघांची नोकरी गेली तरी भत्ता दुप्पट होत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ब्रिटनमधल्या नोकरकपातीची बातमी आली की 'तिकडे काय, सरकार नवरा-बायको दोघांनाही घरबसल्या पैसे देते' असे कोणीतरी म्हणतेच. हिशेब तसा नाही. लंडन-लेस्टरकडची मराठी कुटुंबेही या समजुतीवर महिन्याचे गणित बांधतात आणि पहिल्याच हप्त्याला कोलमडतात, म्हणून हे पत्र. खालचे सर्व दर २०२५-२६ चे आहेत.

मुख्य भत्ता म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट. तो घराकडे बघून मिळतो. पंचविशी ओलांडलेल्या एकट्या माणसाला महिन्याला ४००.१४ पौंड, तर जोडप्याला मिळून ६२८.१० पौंड. दोन एकट्यांची बेरीज ८००.२८ होते, म्हणजे एकत्र राहण्यापायी १७२.१८ पौंड कमी. लग्न झालेले असो वा नसो, एका घरात जोडपे म्हणून राहणाऱ्यांना एकत्रच अर्ज करावा लागतो. घरभाडे आणि मुलांची रक्कम यावर वेगळी मिळते.

एकाची नोकरी शाबूत असेल तर त्या व्यक्तीच्या हातात पडणाऱ्या पगारातल्या प्रत्येक पौंडामागे भत्त्यातून ५५ पेन्स कापले जातात. मूल नसलेल्या, स्वतःच्या घरात राहणाऱ्या जोडप्यात बायकोचा निव्वळ पगार १,१४२ पौंडांच्या आसपास गेला की नवऱ्याच्या बेकारीपोटी या खात्यातून शून्य मिळते. मूल असेल तर थोडी सवलत आहे. भाड्याची रक्कम मिळत असल्यास पगारातले पहिले ४११ पौंड, मिळत नसल्यास ६८४ पौंड मोजत नाहीत. पगार १,२०० असेल, मूल असेल आणि घर भाड्याचे असेल, तर कपात ७८९ पौंडांवर, म्हणजे ४३३.९५.

पगाराच्या तारखाही घोळ घालतात. ज्यांचा पगार दर चार आठवड्यांनी होतो त्यांना वर्षाला तेरा पगार मिळतात, त्यामुळे एखाद्या हिशेबी महिन्यात दोन पगार येऊन पडतात आणि त्या महिन्याचा भत्ता जवळपास साफ होतो. नोकरी सुटल्यावर शेवटचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि नोटिशीचा पगार खात्यात येण्याआधीच घाईने अर्ज केला, तरी तेच होते. अर्जाच्या दिवसापासून महिना मोजतात आणि पहिला हप्ता साधारण पाच आठवड्यांनी येतो. मधल्या काळात मिळणारी उचल ही उचलच असते, पुढच्या हप्त्यांतून वळती होते.

सगळ्यात जास्त फटका बसतो तो बचतीच्या नियमाचा. दोघांची मिळून १६,००० पौंडांवर बचत असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट नाहीच. मर्यादा एकट्यालाही तेवढीच आणि जोडप्यालाही तेवढीच. ६,००० च्या वर प्रत्येक २५० पौंडांमागे (किंवा त्याच्या भागामागे) महिना ४.३५ पौंड उत्पन्न धरतात, म्हणजे ८,००० च्या बचतीवर ३४.८० पौंड कापले जाणार. यात भारतातल्या ठेवी धरतात, आणि पुण्यात किंवा ठाण्यात घेतलेला फ्लॅटही. फ्लॅटच्या बाजारभावातून विक्रीखर्चापोटी १० टक्के आणि त्यावरचे कर्ज वजा करून उरेल ती बचत. त्या घरात पेन्शनच्या वयाचे आईवडील राहत असतील तर नियमात सूट आहे, पण त्यांच्या वयाचा आणि तिथल्या वास्तव्याचा कागद जोडावा लागतो. 'भारतातले कोण बघतंय' म्हणून लपवले आणि पुढे उघड झाले, तर वसुली दोघांकडून होते.

आता ज्याची फारशी चर्चा होत नाही ती गोष्ट. न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स हा दुसरा बेकारभत्ता ज्याच्या-त्याच्या नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा सरकारी विमा-हप्ता) भरण्यावर मिळतो. जोडीदाराचा पगार, बचत, पुण्यातला फ्लॅट काहीच बघत नाहीत. आठवड्याला ९२.०५ पौंड, जास्तीत जास्त १८२ दिवस, आणि अटीत बसत असतील तर दोघांना स्वतंत्र. बचतीमुळे पहिला भत्ता नाकारला गेलेल्या घराला दोघांचे मिळून महिन्याला ७९७.७७ पौंड इथून मिळू शकतात, आणि लोक अर्जच करत नाहीत! मात्र युनिव्हर्सल क्रेडिटही चालू असेल तर हे पैसे त्यातून पौंडाला पौंड वजा होतात. ९०० पौंड भाडे मान्य झालेल्या जोडप्याची बेरीज दोन्ही भत्ते घेऊनही १,५२८.१० च राहते. फायदा एवढाच की हा भत्ता पंधरवड्याने मिळतो.

इथे वर्षांची मोजणी नीट बघावी. २०२५ मधल्या अर्जाला २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही करवर्षांतला भरणा लागतो. २०२३ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये आलेल्याचे पहिले वर्ष कोरे, म्हणून तो बाद. स्वयंरोजगाराचा भरणाही चालत नाही.

व्हिसाचा प्रश्न वेगळाच. सरकारी निधी घेण्यास मनाई असलेल्याने युनिव्हर्सल क्रेडिट मागू नये. एकाला कायम वास्तव्याचा हक्क आणि दुसऱ्यावर मनाई असेल, तर दर एकट्याचा, ४००.१४, पण पगार आणि बचत दोघांची मोजतात. न्यू स्टाइल भत्ता त्या मनाईच्या यादीत नाही. कोणतीही नोकरी करण्याची मुभा असलेल्या, उदाहरणार्थ जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या, व्यक्तीने भरणा पुरेसा असल्यास तो जरूर मागावा.

अर्ज करताना दोघांनी आपापले ऑनलाइन खाते उघडून एकाला मिळालेला जोडणी-कोड दुसऱ्याने टाकायचा. काम शोधण्याच्या करारावरही दोघांची संमती लागते. एकाने ती दिली नाही तर दुसऱ्याचेही पैसे अडतात.

एक विनंती. परदेशी भत्त्यांचे आकडे छापताना ते आठवड्याचे की महिन्याचे, एकट्याचे की जोडप्याचे, हे शेजारीच द्यावे.

आपला,
एक वाचक, हॅरो (लंडन)