तळघरातले कपडे आणि टपरीवरचा विनोद

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत युक्रेनमधील प्रिप्यात शहरातल्या ओस पडलेल्या रुग्णालयाची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या टपरीवर ती पुरवणी दिवसभर या हातातून त्या हातात फिरत होती आणि दूध आणायला गेलेली मीही तिथली शेरेबाजी ऐकत अर्धा तास उभी राहिले.

जमिनीवर विखुरलेले कागद पाहून एक जण म्हणाला, “केसपेपर सापडंना झाला असंल, म्हणून सगळं उपसून ठेवलंय.” भिंतींचे पोपडे पाहून रंगाचे बिल मात्र वेळेवर निघाले असणार, असा दुसऱ्याचा अंदाज होता. गंजलेल्या पलंगांच्या रांगेवर तर एकमत झाले : “पलंग तरी रिकामा हाय की बे! आपल्याकडं व्हरांड्यात सतरंजी टाकतेत.” सरकारी रुग्णालयात ३२ वर्षे परिचारिका म्हणून काढल्यामुळे मला या बोलण्याचा राग आला नाही. त्या सतरंज्यांवर गुडघे टेकून मी सलाइन लावलेली आहे, आणि आमच्या तक्रारवहीत कधी उतरले नाही ते या तिघांनी दोन घोट चहात सांगून टाकले. रात्री बाराला पैंजण वाजते वगैरे विनोद मात्र शिळे वाटले. रात्रपाळीत आम्हाला धास्ती असे ती सिलिंडरमधला प्राणवायू संपत आल्याची.

माझे हसू थांबले ते तळघरातल्या कपड्यांच्या छायाचित्रापाशी. “जुन्या बाजारातला माल, शंभरला तीन,” असे एक तरुण म्हणाला. त्याचा दोष नाही, कारण आपण त्या छायाचित्राखाली ‘भयाण तळघर’ एवढेच छापले होते. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे शेजारच्या चेर्नोबिल अणुऊर्जा केंद्राची चौथी अणुभट्टी फुटल्यावर तिथली आग विझवणाऱ्या जवानांना उलट्या होऊ लागल्या आणि त्यांना याच रुग्णालयात आणण्यात आले. त्यांच्या अंगावरचे किरणोत्सारी कपडे आणि बूट उतरवून तळघरात टाकण्यात आले. तो हा ढीग. त्यांच्यापैकी अनेकांना विमानाने मॉस्कोला हलवले आणि दुसऱ्याच दिवशी सुमारे ४९ हजार वस्तीचे ते शहर बसगाड्यांतून रिकामे करण्यात आले. जवान आणि भट्टीवरचे कर्मचारी मिळून २८ जण पुढच्या काही महिन्यांत किरणोत्साराच्या तीव्र बाधेने दगावले. त्या कपड्यांवर बसलेले सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य निम्मे होण्यासच सुमारे ३० वर्षे लागतात, त्यामुळे त्या कपड्यांना हात लावणे आजही धोक्याचे आहे.

जळीत कक्षात रुग्ण आला की आम्हीही आधी कपडेच काढायचो, अंगाला चिकटलेले कात्रीने कापून. उरलेल्याचे गाठोडे बांधून त्यावर चिकटपट्टीने नाव लावायचे आणि ते पलंगाखाली सरकवायचे, ही आमची रीत. बहुतेक गाठोडी नातेवाईक घेऊन जात. काही महिनोन्महिने तिथेच राहत आणि झाडू मारणाऱ्या मावशीही ती उचलायला कचरत.

एवढे मी त्या तरुणाला टपरीवरच सांगितले. त्याने पुरवणी पुन्हा उलगडून ते छायाचित्र डोळ्यांजवळ धरले आणि विचारले, “सिस्टर, ह्येच्यावर नावं हायत का?”

पुढच्या वेळी अशी छायाचित्रे छापताना त्यांखाली चार ओळींची माहिती द्यावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर