मैदानावर जाण्याआधी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

मुरगळलेल्या घोट्याची सूज उतरली, चालताना दुखत नाही, सोमवारपासून पोलीस भरतीच्या सरावाला मैदानावर जाते, असा तुझा मेसेज वाचला. बेटा, एवढ्यात जाऊ नकोस. फोनवर तू माझं पुरतं ऐकून घेत नाहीस, म्हणून सविस्तर लिहितो.

इतकी वर्षं शाळेत कबड्डी-खोखोची पोरं तयार केली. मुरगळलेल्या पायाने जो घाईत उतरला, तो बहुतेक वेळा तोच पाय धरून पुन्हा बसला. पाऊल आत वळलं की घोट्याच्या बाहेरच्या हाडापासून पुढे जाणारं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा चिवट पट्टा, ताणलं जातं, कधी फाटतं. त्याचं काम नुसतं सांधा धरून ठेवायचं नसतं. पाऊल कुठे आणि कसं पडलं याची खबर मेंदूला देणाऱ्या बारीक नसाही त्यातच असतात. सूज गेली तरी ही खबर बरेच दिवस उशिरा पोचते. कानबाईच्या सणाला तू घरी आलीस, तेव्हा ओट्यावर उभ्याने चप्पल घालताना खांब धरलास. दुखऱ्या पायावर उभी होतीस, घोटा थरथरत होता आणि बोटं फरशीला घट्ट रोवली होतीस. दुखत नव्हतं तुला, मी विचारलंही. पण त्या घडीला फरशीऐवजी केळीच्या बागेतला ओला बांध असता, तर तो पाय सावरला नसता.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला नाही याची तुला अजून रुखरुख आहे. ती सोड. त्यांनी घोट्याच्या दोन्ही हाडांची टोकं आणि मागच्या कडा, पावलाच्या करंगळीकडच्या आणि आतल्या बाजूचं हाड दाबून पाहिलं, तुला चार पावलं चालवलं. तिथे दाबून दुखत नसेल आणि वजन टाकून चार पावलं पडत असतील, तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी असते. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेला हा नियम आज जगभर वापरतात.

आजी रोज तिच्या अहिराणीत विचारते, 'पोरना पाय कसा शे आते?', म्हणजे पोरीचा पाय आता कसा आहे. पाय ओढून नस बसवणाऱ्याकडे तुला न्यायचं तिच्या मनात होतं. मीच अडवलं. ताज्या लचकेला ओढणं, जोरात चोळणं, गरम शेक, यांनी सूज वाढते.

आता काय करायचं ते सांगतो. खुर्चीत बसून पायाच्या अंगठ्याने हवेत अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरं काढ, सकाळ-संध्याकाळ. भिंतीला हात लावून पोटरी ताण. रबरी पट्टा पावलाला अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ढकलायचं. लचकेत हीच बाजू कमकुवत होते. टाचा उचलायच्या, आधी दोन्ही पायांवर, मग एकट्या दुखऱ्या पायावर. आणि ज्याचा तुला सगळ्यात कंटाळा येईल ते मी सगळ्यात वर ठेवतो: एका पायावर उभं राहणं. दात घासताना रहा, भाजी चिरताना मात्र नको. अर्धा मिनिट सहज जमलं की डोळे मिटून, भिंतीजवळ. डोळे मिटल्यावर घोट्याला जास्त सांभाळावं लागतं.

पळणं कधी, तर अर्धा तास झपाझप चालून लंगडलं नाहीस, चांगल्या पायावर जितक्या टाचा उचलतेस तितक्याच दुखऱ्यावर उचलल्यास आणि त्याच पायावर न घाबरता उड्या मारल्यास, तेव्हा. तेही एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, सपाट जमिनीवर आणि सरळ रेषेत. वळणं नंतर, कारण वळणावर घोट्याला आडवा ताण येतो. शंभर मीटरची सुसाट सुरुवात आणि गोळाफेकीतली पायाची फिरकी सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा सुजला किंवा दुखला, तर एक पायरी मागे ये. गोळी घेऊन दुखणं दाबून पळू नकोस. दुखणं दबलं की पाय काय सांगतोय ते कळतच नाही.

साधी लचक एक-दोन आठवड्यांत सुटते. लिगामेंट थोडं फाटलं असेल तर तीन ते सहा आठवडे, पूर्ण फाटलं तर तीन महिने किंवा जास्त. तुझा पाय बोटांपर्यंत काळानिळा झाला होता, म्हणून मी तुला मधल्या गटात धरतो. घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांच्या मध्ये दुखायला लागलं, पाऊल बधिर वाटलं, किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर वाट पाहू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

भरतीची काळजी मलाही आहे. मैदानी ५० गुणांपैकी आठशे मीटरचे २०, शंभर मीटरचे १५ आणि गोळ्याचे १५. म्हणजे ३५ गुण नुसत्या पळण्याचे, ते याच घोट्यावर मिळवायचे आहेत. जाहिरात कधी येईल ते आपल्या हातात नाही, घोटा आहे. तोवर बसून गोळ्यासाठी खांद्याचा आणि पोटाचा व्यायाम कर, सायकल चालव; दम टिकून राहील. लेखीचा अभ्यासही याच दिवसांत पुढे ने.

लेसवाला घोट्याचा पट्टा घ्यायला पैसे टाकलेत. मापाचा घे, दुकानातच बूट घालून बघ. सहा महिने तरी मैदानावर तो लावूनच उतरायचं, कारण एकदा लचकलेला घोटा पुन्हा लचकायची भीती जास्त. पट्टा लावला म्हणून व्यायाम मात्र सोडायचे नाहीत. रविवारी दोन्ही पायांवर टाचा उचलतानाचा व्हिडिओ पाठव, मागून काढलेला. मला टाच आत झुकते की सरळ राहते ते बघायचं आहे.

तुझे अण्णा