संगणकातली सामान्यनामे आणि विशेषनामे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संगणकावर नव्याने हात बसवणाऱ्या परिचितांना फोनवरून मदत करण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आपसूक चालत आले आहे. या संभाषणांत वारंवार अडखळायला लावणारी गोष्ट म्हणजे प्रोग्रामांची नावे. डेस्कटॉपवरील सॉफ्टवेअरला त्याचे काम सांगणारे साधे नाव द्यावे की त्याची स्वतंत्र ओळख पटेल असे वेगळे नाव द्यावे, यावर सॉफ्टवेअर घडवणारी मंडळी बराच काळ वाद घालत आली आहेत. त्याचे परिणाम ज्याला भोगावे लागतात तो वापरकर्ता मात्र त्या वादात क्वचितच असतो, म्हणून हे पत्र.

मध्यंतरी एका परिचित बाईंना पेनड्राइव्हवरची छायाचित्रे संगणकावर घ्यायची होती. त्यांच्याकडे विंडोजऐवजी लिनक्स ही संगणकप्रणाली होती आणि त्यावर ग्नोम हा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी आणि मेनू पुरवणारा सॉफ्टवेअरसंच, होता. मी म्हणालो, "आता फाइल्स उघडा." त्यांनी विचारले, "कोणत्या फाइल्स?" मी म्हणालो, "कोणत्या म्हणजे, फाइल्स नावाचा प्रोग्राम." त्यावर त्या म्हणाल्या, "पण फाइल्स उघडलेल्याच आहेत की, एक पत्राची आणि एक हिशेबाची." शेवटी मी कपाटाच्या खणासारख्या निळ्या चित्राचे वर्णन करत बसलो, आणि पाच-सात मिनिटांनी ते त्यांना सापडले. याच प्रोग्रामला पूर्वी नॉटिलस म्हणत असत. त्या शब्दाचा अर्थ बाईंना कळला नसता हे खरे, पण पडद्यावर नेमके काय शोधायचे याबद्दल शंका उरली नसती.

शाळेत आपण सामान्यनाम आणि विशेषनाम यांतला फरक शिकतो. नदी हे सामान्यनाम आणि गोदावरी हे विशेषनाम. उद्या कोणी गोदावरीचे नावच 'नदी' असे ठेवले, तर प्रत्येक वाक्यात ती नदी की कोणतीही नदी, हे सांगत बसावे लागेल. वर्णनपर नावे देणारे नेमके हेच करतात, म्हणजे सामान्यनामाला विशेषनामाच्या जागी बसवतात. इंग्रजीत लिहिताना ही अडचण थोडी झाकली जाते, कारण तिथे पहिले अक्षर मोठे काढले की हे कशाचे तरी नाव आहे एवढे वाचणाऱ्याला कळते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. 'फाइल्समध्ये फाइल्स दिसत नाहीत' या वाक्यातली पहिली फाइल्स प्रोग्राम आहे आणि दुसरी कागदपत्रे, हे मराठी वाचकाला केवळ अंदाजाने ठरवावे लागते. अवतरणचिन्हे घातली तर छापील मजकुरात काम भागते. फोनवर बोलताना अवतरणचिन्हे कशी ऐकू यावीत? तेव्हा मोठ्या अक्षराच्या भरवशावर ठेवलेले नाव आपल्या लिपीत आले की निम्मे गळून पडते, आणि हा विचार ते नाव ठेवणाऱ्यांच्या मनाला शिवलेला असेल असे मला वाटत नाही.

अशा नामांतराची लाट २०१२ च्या सुमारास एकाच वेळी अनेक ठिकाणी आली. ग्नोमने नॉटिलसला 'फाइल्स' आणि एपिफनी या ब्राउझरला 'वेब' म्हणायला सुरुवात केली. त्याच वर्षी अ‍ॅपलच्या संगणकांवर आयकॅलचे 'कॅलेंडर' आणि अ‍ॅड्रेस बुकचे 'काँटॅक्ट्स' झाले. विंडोज ८ मध्ये विंडोज एक्सप्लोरर या फाइली पाहण्याच्या प्रोग्रामचे फाइल एक्सप्लोरर झाले. यांतला शेवटचा बदल मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात काम सांगणारा शब्द आला तरी एक्सप्लोरर हा ओळखीचा शब्द जागेवर राहिला आणि दोन्ही मिळून एक नाव झाले. 'वेब'चा प्रकार मात्र अगदीच गमतीचा आहे. 'माझे वेब चालत नाही' असे कोणी म्हणाले, तर इंटरनेटची जोडणी तुटली की प्रोग्राम बंद पडला, हे ऐकणाऱ्याने ओळखायचे तरी कसे?

वर्णनपर नावांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. ज्याने आयुष्यात पहिल्यांदाच मेनू उघडला आहे, त्याच्यासमोर ओक्युलर, ग्वेनव्ह्यू, एव्हिन्स अशी नावे आली, तर पीडीएफ कशात उघडते आणि छायाचित्र कशात, हे त्याला कळण्याचा काही मार्ग नसतो. ज्यांना दिसत नाही आणि जे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीने संगणक वापरतात, त्यांना तर चित्राचाही आधार नसतो. कानावर पडलेला शब्द एवढेच त्यांच्या हाती असते, आणि 'ओक्युलर' या उच्चारातून त्यांना काहीच हाती लागत नाही. शिवाय संगणकाबरोबरच येणारा फाइल मॅनेजर (फाइली पाहण्याचा आणि हलवण्याचा प्रोग्राम) किंवा गणकयंत्र हा व्यवस्थेचाच भाग आहे, दाराच्या कडीला आपण वेगळे नाव देत नाही तसे त्यालाही देऊ नये, असाही एक युक्तिवाद आहे, आणि गणकयंत्रापुरता तो मला मान्य आहे. गणकयंत्र बिघडल्याची तक्रार घेऊन माझ्याकडे आजवर कोणी आलेले नाही.

पण ज्या प्रोग्रामशी रोज झगडावे लागते, त्याच्या बाबतीत हा युक्तिवाद टिकत नाही, कारण वर्णनपर नाव दिल्याने जुने विशेषनाम नाहीसे होत नाही, ते केवळ पडद्यामागे जाते. 'फाइल्स' हे नाव मेनूत दिसते, पण चालू असलेल्या प्रक्रियांच्या यादीत आजही नॉटिलसच दिसते, आज्ञा टंकून प्रोग्राम उघडायचा तर नॉटिलसच टंकावे लागते, आणि सॉफ्टवेअर घडवणारे लोक आपसात त्याच नावाने त्याचा उल्लेख करतात. म्हणजे सुरळीत चालते तोवर एक नाव आणि बिघडले की दुसरे. माझ्या आणखी एका परिचितांनी संगणक मंदावला म्हणून ती यादी उघडली, तिथे आपण कधीच न ऐकलेले नॉटिलस दिसले, हा कुठून तरी शिरलेला व्हायरस असणार असे ठरवून त्यांनी ते बंद केले, आणि मोठ्या फोल्डरची चाललेली नक्कल अर्ध्यावर तुटली. त्यांची चूक एवढीच की मेनूतल्या नावावर त्यांनी विश्वास ठेवला.

एकाच नावाचे दोन प्रोग्राम शेजारी आले की घोटाळा आणखी वाढतो. लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका आवृत्तीच्या मंडळींनी २०१२ मध्ये नॉटिलसपासून नेमो नावाचा वेगळा फाइल मॅनेजर तयार केला, आणि तोही मेनूत 'फाइल्स' म्हणूनच दिसतो. दोन्ही बसवले तर एकाखाली एक दोन 'फाइल्स' दिसतात आणि चित्रातल्या छटेवरून कोणता कोण ते ठरवावे लागते. वर्णनपर नावात असा एक न उच्चारलेला दावा असतो की या कामाचा प्रोग्राम एकच आहे आणि तो हाच. दुसरा आला की तो दावा कोसळतो.

मदत शोधण्याची अडचण तर आपल्यासारख्यांना जास्तच जाचते. अडचणीची उत्तरे बहुतेक वेळा इंग्रजीत लिहिलेली असतात. वर्णनपर नाव भाषांतरित होते, त्यामुळे ज्या प्रोग्रामला इंग्रजीत 'फाइल्स' म्हणतात, तोच जर्मन माणसाच्या पडद्यावर 'डाटाइएन' आणि फ्रेंच माणसाच्या पडद्यावर 'फिशिए' असतो. त्या बिचाऱ्यांना शोध घेताना आधी आपल्याच पडद्यावरच्या नावाचे उलटे भाषांतर करावे लागते, आणि ते करूनही 'फाइल्स उघडत नाहीत' एवढ्यावर शोध घेतला तर जगातल्या न उघडणाऱ्या यच्चयावत फाइली समोर येतात. फायरफॉक्स मात्र कोणत्याही भाषेत फायरफॉक्सच राहतो, आणि मराठीत तो 'फायरफॉक्समध्ये', 'फायरफॉक्सने' अशी आपली विभक्तीही विनातक्रार लावून घेतो.

विशेषनामांचे सगळेच चांगले असते असे मात्र नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा अशा प्रोग्रामांची यादी लांबलचक होईल. केवळ केडीई या ग्नोमसारख्याच दुसऱ्या डेस्कटॉपचा प्रोग्राम म्हणून नावात कुठेतरी 'के' घुसवायचा आणि ग्नोमचा म्हणून 'जी', या हौसेने कित्येक नावे उच्चारायलाही अवघड करून ठेवली आहेत. गिम्प या चित्रे सुधारण्याच्या प्रोग्रामचे नाव लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आले, पण त्या शब्दाला इंग्रजीत पंगू माणसाला हिणवण्याचा अर्थ आहे, आणि केवळ त्या नावाला कंटाळून काही लोकांनी २०१९ मध्ये ग्लिम्प्स नावाची वेगळी आवृत्तीच काढली. फायरफॉक्सलाही आजचे नाव सहजासहजी मिळाले नाही. २००२ मध्ये फीनिक्स, २००३ मध्ये फायरबर्ड आणि दोन्ही वेळा ते नाव आधीच दुसऱ्या कोणाचे तरी निघाल्यावर फेब्रुवारी २००४ मध्ये फायरफॉक्स. वेगळे नाव शोधणे हे कष्टाचे काम आहे, आणि ते टाळण्यासाठी 'फाइल्स' म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो हे मी समजू शकतो.

पण सामान्य शब्द घेऊन मोकळे होताना तो शब्द आपल्या मालकीचा होत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये लिंडोज या लिनक्स कंपनीवर नावसाधर्म्यावरून दावा लावला, तेव्हा 'विंडोज' हा शब्द आधीपासूनच संगणकाच्या क्षेत्रात सर्रास वापरात होता की नाही, हाच प्रश्न उभा राहिला. प्रकरण निकालापर्यंत गेले नाही. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने दोन कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि लिंडोजने आपले नाव सोडले. दावा लावणाऱ्यानेच पैसे मोजावेत, यावरून सामान्य शब्दावरची मालकी किती डळमळीत असते ते दिसते.

या दोन टोकांच्या मधला एक प्रकार मला मनापासून आवडतो, तो म्हणजे सुचवणारी नावे. नोटपॅड हे नाव काम सरळ सांगत नाही, पण कागदाच्या वहीची आठवण करून देते आणि तरीही 'नोटपॅड उघडा' म्हटले की कोणी 'कोणते नोटपॅड' असे विचारत नाही. ब्राउझरांच्या नावांत तर एक छुपी गंमतच आहे. १९९४ मध्ये नेटस्केपचा नॅव्हिगेटर, म्हणजे वाट दाखवणारा, आला. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर, म्हणजे शोध घेणारा. आणि २००० मध्ये केडीईवाल्यांनी आपल्या ब्राउझरचे नाव काँकरर, म्हणजे जिंकणारा, असे ठेवले, अर्थात 'के' अक्षराने. पुढे अ‍ॅपलने २००३ मध्ये सफारी आणून प्रवासाचा धागा तसाच चालू ठेवला. ही नावे ठेवणाऱ्यांनी थोडा विचार केला होता, एवढे तरी त्यांतून दिसते. सूचक नावालाही काळ बाधतो, हे आयट्यून्सच्या उदाहरणावरून कबूल करायला हवे. २००१ मध्ये गाण्यांसाठी आलेल्या त्या प्रोग्राममध्ये पुढे चित्रपट, फोन आणि काय काय येऊन बसले, आणि २०१९ मध्ये मॅकवर त्याची फोड करून म्युझिक, पॉडकास्ट्स आणि टीव्ही असे वेगवेगळे प्रोग्राम करावे लागले. ही नवी नावे पुन्हा वर्णनपरच निघाली, हा योगायोग नसावा.

सर्वांत आश्चर्याची गोष्ट अशी की, लिनक्सच्या डेस्कटॉपांपुरते बोलायचे तर, या वादावरचा तोडगा केव्हाच लिहून ठेवलेला आहे. मेनूत दिसणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामची एक लहानशी मजकुराची फाइल असते आणि तिचा सर्वमान्य नमुना ठरलेला आहे. त्यात नावासाठी एक ओळ आहे, सामान्य नावासाठी दुसरी, एका वाक्याच्या माहितीसाठी तिसरी आणि शोधशब्दांसाठी चौथी, आणि या प्रत्येक ओळीचे भाषेगणिक वेगळे रूप देण्याची सोय आहे, मराठीसुद्धा. त्या नमुन्यात दिलेले उदाहरणच पाहावे: नावाच्या ओळीसाठी मोझिला आणि सामान्य नावाच्या ओळीसाठी वेब ब्राउझर. विशेषनाम आणि सामान्यनाम दोन्ही लिहायला जागा असताना, एकाने दुसऱ्याची जागा बळकावण्याचे काही कारणच नव्हते. केडीईच्या मेनूत नावाबरोबर वर्णन दाखवण्याची सोय आहे, त्यामुळे तिथे 'डॉल्फिन' हे फाइल मॅनेजरचे नाव पाहून कोणी बुचकळ्यात पडत नाही. ज्यांनी मेनूत एकच ओळ दाखवायची असे ठरवले, त्यांच्यापुढे मग त्या एका ओळीत सामान्यनाम घालायचे की विशेषनाम असा पेच आला, आणि तो त्यांनी सामान्यनामाच्या बाजूने सोडवला.

माझे म्हणणे एवढेच की मेनूत आणि शोधाच्या निकालात विशेषनाम आधी आणि त्याखाली लहान अक्षरात वर्णन, अशा दोन्ही ओळी दिसाव्यात. बिघाडाची सूचना येते तेव्हा तिच्यातही मेनूत दिसणारे नाव आणि आतले नाव सोबत द्यावे, म्हणजे कोणी आपल्याच फाइल मॅनेजरला व्हायरस समजून बंद करणार नाही. मराठीत भाषांतर करणाऱ्यांनी वर्णनाचे खुशाल भाषांतर करावे, पण नाव आहे तसे देवनागरीत उतरवावे. आणि जे लोक मराठीतून संगणकाविषयी लिहितात किंवा शिकवतात, त्यांनी मेनू सुधारण्याची वाट न पाहता आतापासूनच 'नॉटिलस हा फाइल मॅनेजर, जो मेनूत फाइल्स या नावाने दिसतो' असे एकदा पूर्ण सांगून पुढे नॉटिलस हाच शब्द वापरावा. वर ज्या बाईंचा उल्लेख केला, त्यांनी हा मार्ग स्वतःच काढला आहे: पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवून त्यावर त्यांनी निळ्या कपाटाचे चित्र काढले आहे आणि खाली 'नॉटिलस' असे लिहिले आहे. त्या दिवसापासून आमचे फोन निम्म्या वेळात संपतात.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक