अंगणात ब्लॉक बसवायच्या आधी एवढं वाचाल का

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी चढ्या आवाजात बोलले त्याचं दिवसभर वाईट वाटत राहिलं. बाबा, तुम्ही "बरं, बघू" म्हणून फोन आईकडे दिलात आणि आईने मला भाजी काय केलीस ते विचारलं, म्हणजे तुमच्या दोघांपुरता विषय मिटला. माझा नाही मिटला म्हणून लिहायला बसलेय. कुरियरने एक खोकं पाठवलंय, शुक्रवारपर्यंत लोकमान्य नगरला पोचेल, त्यात पुस्तकं आहेत आणि ती का पाठवतेय ते नीट सांगायचंय, फोनवर मला ते जमत नाही.

आधी हे, की अंगणात पेव्हर ब्लॉक का बसवायचेत ते मला खरंच कळतंय. श्रावणात आई तुळशीपाशी घसरली, गुडघा महिनाभर सुजलेला होता, आणि आपली काळी माती पावसात अशी चिकटते की चपलेला लागून अर्धं अंगण घरात येतं. त्यात कडुलिंबाचा पाला, माघ-फाल्गुनात झाडून होईस्तोवर मागे परत तेवढाच पडलेला असतो, वयाच्या ७६ व्या वर्षी दिवसातून दोनदा खराटा धरायचा म्हणजे पाठीचं काय होत असेल. कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं एकदा ब्लॉक बसवले की कटकट संपली, ते कोणालाही पटेल.

पण दिवाळीत आले होते तेव्हाचं एक सांगते. पाडव्याच्या सकाळी तुम्ही दोघं झोपलेले होतात आणि मी बाथरूमच्या मागच्या कोपऱ्यात गेले, जिथे मागच्या वर्षीचा पाला कोणी उचललाच नव्हता. सहज खुरपीने उकरलं. वर वाळलेली पानं, हाताने चुरडली जाणारी, त्याखाली पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या बुरशीची बारीक दोऱ्यासारखी जाळी, आणि बोटभर आणखी खाली गेले तर काळीभोर, भुसभुशीत, चहाच्या पत्तीसारखी माती, हातात घेतली तर पहिल्या पावसाचा वास. दोन गांडुळं होती. तिथून पाच पावलांवर गाडी उभी असते तो काँक्रीटचा तुकडा, त्याच्या कडेची माती उकरून पाहिली तर खुरपी वाजली नुसती, विटेसारखी. एकाच घराची एकाच वाड्यातली माती. तेव्हापासून डोक्यात हेच आहे की सगळं अंगण त्या गाडीखालच्या मातीसारखं होणार आणि ते आपण पैसे देऊन करून घेणार.

आता पुस्तकं. सगळ्यात वर स्पायरल बाइंडिंगचा जो गठ्ठा आहे तो बाबांसाठी, छापील प्रत मला कुठे मिळाली नाही म्हणून पीडीएफवरून प्रिंट काढून घेतली, अक्षर मोठं करून. बाबा, पालापाचोळा कुजवून खत करायची जी पद्धत जगभर 'इंदूर प्रोसेस' म्हणून शिकवतात ती आपल्याच गावात तयार झालीये. मी इंदूरला लहानाची मोठी झाले आणि मला तिशी उलटेपर्यंत हे माहीत नव्हतं, शाळेत कोणी सांगितलं नाही. १९२४ साली होळकरांच्या जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू झाली, आज जिथे आपलं कृषी महाविद्यालय आहे ना, तिथे. अल्बर्ट हॉवर्ड हे तिचे डायरेक्टर, आणि १९३१ साली जे पुस्तक निघालं, शेतीतल्या टाकाऊ मालापासून खत करण्यावरचं, त्यावर दोन नावं आहेत, हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड तिथे केमिस्ट्रीचे मुख्य सहायक होते. नाव वाचून मला एकदम भरून आलं, कारण आपल्यातलाच कोणी माणूस, केमिस्ट्रीचा, इंदूरचा, आणि तुम्ही ३१ वर्षं ह्याच गावात केमिस्ट्री शिकवलीत.

तुम्हाला त्यातलं गणित लगेच कळेल. वाळलेल्या पाल्यात कार्बन फार, शेणात आणि भाजीच्या ओल्या देठांत नायट्रोजन, दोन्हींचे थर असे लावायचे की साधारण ३३ भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन पडेल, आणि कुजून तयार होईपर्यंत ते प्रमाण १० ला १ च्या आसपास येतं. वर थोडी राख आणि माती, म्हणजे आंबट होत नाही. खड्डा फक्त दोन फूट, त्याहून खोल गेलं की हवा पोचत नाही आणि मग वास मारायला लागतो. तीन वेळा वरखाली करायचं, तीन महिन्यांत खत. आधी बुरशी काम करते आणि नंतर बॅक्टेरिया, म्हणजे पाडव्याला मी जी पांढरी जाळी पाहिली ते कामच चालू होतं, आपण कोणी काही न करता. हॉवर्ड इथले शेतकरी आणि पिकांवरची कीड ह्यांनाच आपले प्रोफेसर मानायचे, हे मला फार आवडलं. त्यांचं सगळं म्हणणं एवढंच आहे की जमिनीतून जे आलं ते जमिनीला परत द्या. आजी ह्याच्यासाठी काही वेगळा शब्द वापरायची नाही, परसात खड्डा होता आणि सगळं त्यात जायचं, बस.

तुम्ही म्हणाल आपण ओला-सुका वेगळा करतो, गाडीत देतो, देवगुराडियाला २०२२ पासून त्याचा गॅस होतो, रोज ५५० टनांचा प्लँट आहे, मग आता आणखी काय. बाबा, त्याचा मलाही अभिमान आहे, पुण्यात सगळ्यांना सांगत असते. पण तो प्लँट ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांच्यासाठी जास्त गरजेचा आहे. आपला पाला आपल्या झाडाखालून उचलून, गोणीत भरून, गाडीने तिकडे पाठवायचा आणि मग नर्सरीतून खताची पिशवी विकत आणायची, ह्यात मला काही अर्थ दिसत नाही.

दुसरं पुस्तक हिंदी आहे, अनुपम मिश्र ह्यांचं 'आज भी खरे हैं तालाब'. १९९३ चं. त्यांनी त्यावर कॉपीराइट ठेवलाच नाही, ज्याला छापायचं त्याने छापावं. हे आधी आईने वाचावं असं मला वाटतं, कारण भाषा इतकी घरगुती आहे की कोणी ओट्यावर बसून सांगतंय असं वाटतं. त्यात एक शब्द आहे, आगौर. तलावात ज्या जमिनीवरून वाहून पाणी येतं ती जमीन. लोक आगौर फार जपायचे, तिथे चपला घालून जायचे नाहीत. ते वाचताना मी पुस्तक मिटून बसले थोडा वेळ, कारण आपलं अंगण म्हणजे आपल्या विहिरीचं आगौरच आहे की. तुम्हाला आठवतं का, मी पाचवी-सहावीत असताना मे महिन्यातसुद्धा रहाटाने पाणी काढायचो, आणि आता होळीनंतर तळ दिसतो. आजूबाजूला सगळीकडे सिमेंट झालं, उरलेलं अंगण आपलं.

मी हिशोब करून पाहिला. मागचं अंगण ६०० चौरस फूट धरू, पाऊस ३५ इंच धरू, तर एका पावसाळ्यात त्यावर जवळपास ५० हजार लिटर पाणी पडतं. सगळं मुरत नाही हे मान्य, काही वाहतं, काही उडून जातं. पण ब्लॉकखाली कॉन्ट्रॅक्टर चुरी घालून ठोकून घट्ट करेल, उतार गेटकडे काढेल, आणि तेच पाणी नालीत जाईल, मग आपण नर्मदेच्या नळाची वाट बघत बसणार, जे पाणी जलूदहून ७० किलोमीटर लांबून माळव्याच्या पठारावर पंपाने चढवून आणतात. डग डग रोटी पग पग नीर म्हणणाऱ्या गावात. शिवाय काळी माती, उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, दोन-तीन वर्षांत ब्लॉक वरखाली होतात, आणि अशा उंचसखल ब्लॉकला आईचा पाय अडकला तर? मला त्याची भीती चिखलापेक्षा जास्त वाटते.

'एक होता कार्व्हर' पाठवत नाहीये, ते आपल्याच कपाटात आहे, वरच्या खणात, मागचं कव्हर गेलेलं. वीणा गवाणकरांचं. बाबा, लाइट गेली की गच्चीवर कंदिलाच्या उजेडात तुम्ही ते आम्हाला वाचून दाखवायचात. कार्व्हर, ते अमेरिकेतले शेतीशास्त्रज्ञ, १८९६ ला टस्कीगीच्या कॉलेजात पोचले तेव्हा प्रयोगशाळाच नव्हती, मग मुलांना घेऊन उकिरड्यावरून बाटल्या, डबे, तारा गोळा करून तिथेच प्रयोगशाळा उभी केली, तो भाग तुम्ही दोनदा वाचला होतात कारण दादाने परत वाचायला सांगितलं होतं. कापूस घेऊन घेऊन मेलेल्या जमिनीत रानातला पाला आणून कुजवून घातला, भुईमूग-चवळी लावायला लोकांना शिकवलं आणि जमीन परत उभी राहिली. मला जे काही मातीबद्दल वाटतं ते तिथून आलंय. म्हणून ब्लॉकची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकली तेव्हा आवाज चढला.

आईसाठी दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र' आहे, नवी प्रत, तुझी जुनी मावशीकडे गेली ती परत आलीच नाही. दुर्गाबाईंचा जन्मसुद्धा इंदूरचाच, १९१० चा. एकदम वाचू नकोस, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्याला एक लेख, जो महिना चालू असेल तो दुपारी झाडाखाली खुर्ची टाकून वाच. दिलीप कुलकर्णींचं 'निसर्गायण' पण टाकलंय, दापोलीजवळ कुडावळ्याला राहून कमीत कमी गरजांत कसं जगता येतं हे ते स्वतः जगून सांगतात, पण त्यातलं बरंचसं तुम्ही आधीच करता, एसी नाही, साड्यांच्या गोधड्या, दुधाच्या पिशव्या धुवून वाळत घालणं, त्यामुळे ते सावकाश वाचलंत तरी चालेल. वातावरण बदलावरची जाड पुस्तकं मुद्दाम पाठवली नाहीत, ती वाचून तुम्हाला रात्री झोप नाही लागणार आणि करायला हाती काही येणार नाही.

आता माझं म्हणणं. कॉन्ट्रॅक्टरला संक्रांतीपर्यंत थांबायला सांगा. मी आठ दिवस रजा घेऊन येतेय, दादाशी बोलणं झालंय, तोही शनिवार-रविवार भोपाळहून येईल. मागच्या दारापासून तुळशीपर्यंत, तिथून कपड्यांच्या दोरीपर्यंत आणि गेटपर्यंत अडीच फुटी पायवाट करू, गच्चीखाली त्या जुन्या खडबडीत फरश्या पडल्यात त्याच वापरून, सांध्यात वाळू, सिमेंट नाही. एका बाजूने लोखंडी पाइपचा कठडा, आईला धरायला. ह्यात आईचा पाय घसरणार नाही आणि बाकी माती मोकळी राहील. आंब्याच्या बाजूला दोन फुटी खड्डा मी खणते. शहरात शेण आता सहज मिळत नाही, पण बाथरूममागची ती काळी माती दोन टोपल्या टाकली की विरजणाचं काम करेल. माघात पाला पडायला लागेल तेव्हा खड्डा तयार हवा, म्हणजे पावसाच्या आधी खत हातात. बाबांनी रोज झाडायचं नाही, पाला आठवड्यातून दोनदा ओढून घ्यायला आपल्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या काकांचा मुलगा येईल, मी त्याच्याशी बोलून ठेवलंय, पैसे मी देईन, ह्यावर वाद नको.

आणि तोपर्यंत बाथरूममागचा तो कोपरा कोणाला साफ करू देऊ नका.

आई, गुडघ्याचं तेल संपत आलं असेल तर सांग, येताना आणते.

तुमची,
छकुली