कुलर बंद करू नका, बाबा

पुणे, १ मार्च

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं, बघतो" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून लिहून पाठवते आहे. कागद हातात आला की तुम्ही तो दोनदा वाचता आणि पंच करून फायलीत लावता, हे मला ठाऊक आहे.

दिवाळीत त्याच फायलीतल्या लाईट बिलांचे फोटो काढून आणले होते. परवा रविवारी वर्षभराची बिलं ओळीने मांडली. जानेवारीत १७६ युनिट, ऑगस्टमध्ये २२१, एप्रिलमध्ये २९७ आणि मे महिन्यात ३१२. यातला २९७ हा आकडा आपोआप आलेला नाही, बाबा. तुमच्या डायरीत रोजचं रीडिंग आहे. शेवटच्या पाच दिवसांत ते एकदम कमी झालंय, म्हणजे दुपारभर कुलर बंद. ३०० ओलांडले की सगळंच बिल वरच्या दराने लागतं, असं तुम्ही धरून चाललात.

तसं नाही ते. पहिले १०० युनिट पहिल्या दराने, पुढचे ३०० पर्यंतचे दुसऱ्या दराने, आणि ३०१ व्या युनिटापासून तिसरा दर. तो फक्त वरच्या युनिटांना लागतो, खालच्यांना हात लागत नाही. पहिल्यापेक्षा दुसरा दर दुपटीच्या वर आणि तिसरा जवळपास तिप्पट, त्यामुळे छातीत धडकी भरते हे खरं. पण मे महिन्यात तुमचे १२ युनिट तिसऱ्या पायरीवर गेले. त्यांच्यामुळे जास्तीचे किती गेले असतील? १६ टक्के वीज शुल्क धरूनसुद्धा साठ रुपयांच्या आत. एवढ्यासाठी ऐन नवतप्यात दुपारी बारा ते चार आई पंख्याखाली बसली आणि मोरीपाशी चक्कर येऊन पडली. मला ते शेजारच्या काकूंकडून कळलं, तेही आठ दिवसांनी. आई, तू त्या दिवशी फोनवर मला कैरीच्या पन्ह्याची चव सांगत होतीस!

अकोल्याचं ऊन काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. २०२४ च्या मे महिन्यात उन्हापायी जिल्ह्यात जमावबंदी लावली होती. असलं ऊन घरात बसून सोसायचं वय आता तुमचं नाही.

मे महिन्यात बिलाबरोबर दुसरा एक कागद आला आणि तुमची झोप उडाली, तो अतिरिक्त सुरक्षा ठेवीचा होता. वर्षभराचा सरासरी वापर बघून ती ठेव ठरते. वापर वाढला की तेवढी भर मागतात, आणि नेमकी उन्हाळ्यात मागतात. पण ती ठेव आहे, खर्च नाही. पैसे तुमच्याच नावावर राहतात, त्यावर व्याज मिळतं आणि ते बिलातून वळतं होतं. बिल दुप्पट झालं असं समजून दुसऱ्याच दिवसापासून तुम्ही कुलरचा प्लग काढला होता.

आता खरा चोर सांगते. दिवाळीच्या पाडव्याला मी घरातलं सगळं बंद करून मीटरसमोर स्टूल घेऊन बसले होते आणि तुम्ही हसला होतात. मीटरवर तो लाल दिवा आहे ना, तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. तसं मीटरवर लिहिलेलंच आहे. फक्त फ्रीज चालू होता, आणि दिवा मिनिटाला आठ वेळा लुकलुकत होता. म्हणजे दीडशे वॅट. दीडशेचं काही नाही, पण आपला फ्रीज थांबतच नाही. दाराचं रबर सैल झालंय, कॉम्प्रेसर रात्रंदिवस घरघरतो. दिवसाला साडेतीन युनिट, महिन्याला शंभराच्या वर. आपला कुलर दोनशे वॅटचा, दहा तास चालवला तर दोन युनिट. चार महिने चालणाऱ्या कुलरला तुम्ही धारेवर धरता आणि बारा महिने खाणारा स्वयंपाकघरात मानाने उभा आहे.

पाचवा वेतन आयोग लागला त्या वर्षी घेतलेला, पंचवीस वर्षं उलटली, एकदाही गॅस भरावा लागला नाही, हे सगळं मान्य. आईने त्याची पूजा केली होती ते मला आठवतं. पण आता त्याला जाऊ द्या. मी नवीन घेतला आहे (दादाला सांगून, तेव्हा त्याच्याकडे तक्रार करू नका). त्याच्यावरच्या चांदण्यांच्या पट्टीवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. ते दोनशेच्या आत आहेत. म्हणजे महिन्याला आठ-नऊशे रुपये तरी वाचतील आणि पावणेदोन वर्षांत त्याची किंमत वसूल होईल. हा हिशोब तुमच्यासाठी केलाय, मला त्याची गरज नव्हती.

हिवाळ्यातलं १७६ मात्र ठीक वाटतं. त्यातले चाळीसेक गिझरचे असतील. पंधरा लिटर पाणी चांगलं कढत करायला पाऊण युनिट लागतं, तेव्हा एकामागोमाग आंघोळी उरका, एवढंच. इथे पुण्यात माझं उलटं आहे. एसी नाही, त्यामुळे माझं बिल डिसेंबरात फुगतं.

दादा एसीचं म्हणतोय. माझं मत, जूनपर्यंत नको. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात कुलर जेवढा गारवा देतो तेवढा इथे पुण्यात पावसाळी हवेत कधीच देणार नाही. फक्त आई, कुलर लावून सगळ्या खिडक्या घट्ट लावू नकोस. ओली हवा बाहेर पडायला समोरची एक खिडकी चार बोटं उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते आणि मग "कुलर गार करत नाही" म्हणतेस. गवत होळीआधीच बदलून घ्या. आणि टाकीत पाणी भरताना प्लग काढलेलाच असू द्या, नुसतं बटण बंद केलेलं चालणार नाही. अर्थिंगची पिन एकदा इलेक्ट्रिशियनला दाखवा. कुलरचा करंट लागून माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. बिलापेक्षा मला याची जास्त भीती वाटते.

फ्रीज शनिवारी येतोय. शुक्रवारी रात्रीच जुना बंद करून बर्फ वितळू द्या, खाली जुनं धोतर टाका.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, "बिल भरलं नाही, आज रात्री लाईट कापणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज कुणाच्या साध्या मोबाइल नंबरवरून आला तर फोन करू नका. तो फसवणुकीचा असतो. नवीन फ्रीज लागला की सगळं बंद करून लुकलुक मोजा आणि डायरीत लिहा. या वेळी स्टुलावर तुम्ही बसा.