आधी हात मोज

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि अर्ध्यात "हो गं आई" म्हणतेस. म्हणून लिहून पाठवते. समोर ठेव आणि आकडे नीट बघ.

तुझ्या लग्नाच्या सजावटीचे डेकोरेटरने 85,000 सांगितले, तू "घरी करू, 15,000 मध्ये होईल" म्हणालीस. होईल. पण तुझ्या यादीत पहिलीच ओळ आहे 300 कागदी फुलं. काल मी आणि मावशीने घड्याळ लावून क्रेपचं एक फूल केलं. पाकळ्या कापायच्या, ताणायच्या, तारेला गुंडाळायच्या. दहा मिनिटं लागली. 300 फुलांना पन्नास तास होतात बाई! तुला सुट्टी फक्त रविवारची, आणि तुझी रूममेट दोन रविवारांनंतर कंटाळणार. त्यात क्रेपला पाणी लागलं की रंग सुटतो. माझ्या बहिणीच्या लग्नात वळवाचा पाऊस आला आणि करवलीच्या पांढऱ्या साडीवर मांडवातला गुलाबी रंग ठिबकला. ती साडी अजून ट्रंकेत आहे.

आता झेंडूचा हिशेब बघ. चार फुटांच्या माळेला दाटून ओवली तर चाळीसेक फुलं लागतात. मध्यम फुलं किलोत साधारण शंभर बसतात. वीस माळांना आठ किलो, खराब निघतील ती धरून दहा घेऊ. परवा मंडईत 60 रुपये किलो होता. लग्नाची दाट तिथी म्हणून दुप्पट धरला तरी 1,200. दाभणाने एक माळ पंधरा मिनिटांत होते, म्हणजे वीस माळा पाच तासांच्या. पाच बायका बसल्या तर एका तासात उठतील, गप्पा धरून दोन. मी पाच मोजल्यात: मी, मावशी, दोन्ही काकू, शेजारच्या वहिनी. तुला धरलेलं नाही. आदल्या संध्याकाळी तुझे हात मेंदीत असतील. हे तुझ्या यादीत कुठेच नव्हतं, सगळ्या कामांपुढे "मी" लिहिलंयस!

ओवलेल्या माळा ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायच्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडल्या की सकाळी काळ्या पडतात. दर हातभर अंतरावर आंब्याची दोन पानं घातली तर फुलंही कमी लागतात आणि माळ लग्नघरची दिसते. केळीचे खांब मामा शेतातून आणेल. बुडखा ओल्या वाळूच्या बादलीत ठेवला की दुसऱ्या दुपारपर्यंत ताठ राहतात.

स्टेजमागचा पडदा भाड्याने घेऊ नकोस. घरात साड्या काय कमी आहेत? साडी साडेपाच मीटरची. नळीवरून मधोमध टाकली की दोन्हीकडे नऊ फूट उतरते. पदराची बाजू पुढे. चुण्या घालून बारा फूट रुंदीला सात साड्या पुरतील. टाचण्या लावायच्या नाहीत, नळीवर कपड्यांचे चिमटे लावायचे. माझी हिरवी इरकल मधे घे. आजीची मात्र त्यात नको, तिची घडी आता नुसत्या हाताने फाटते.

सगळ्यात जास्त वेळ अंतरपाटाला दे. मंगलाष्टकं संपेपर्यंत सगळ्यांची नजर तिथेच असते, आणि फोटोही तेवढेच. मी दोन मीटर मांजरपाट धुऊन, इस्त्री करून ठेवलाय. न धुता रंगवला तर खळीवर रंग धरत नाही. फॅब्रिक कलरच घे, पोस्टर कलर हाताच्या घामाने उठतो. मधे कुंकवाच्या रंगाचं स्वस्तिक. तू म्हणतेस ती वारली चित्रं मला काढावीशी वाटत नाहीत. वारल्यांकडे लग्नाचा चौक सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात, त्यात पालघाट देवी असते. तो त्यांच्या घरच्या लग्नाचा. आपण कडेने घरातल्या सगळ्यांच्या बोटांच्या ठशांची वेल काढू. आजोबांचा अंगठासुद्धा. रंग दोन दिवस वाळू दे, मग उलट्या बाजूने इस्त्री फिरव.

नावांच्या अक्षरांचं थर्माकोल विसर. 2018 पासून आपल्या राज्यात त्याच्या सजावटीवर बंदी आहे. जाड पुठ्ठा काप, त्यावर घोटीव कागद, कडेला जरीची जुनी किनार. चिकटवायला कणकेची खळ पुरे. पूर्वी त्यात मोरचूद घालायचे, एका दिवसाच्या कामाला कशाला ते विष! सामान तुळशीबागेत किरकोळीने घेऊ नकोस, रविवार पेठेत बोहरी आळीत जा.

दाराशी वेगळं काही करायचं नाही, रुखवताचं टेबल तिथेच मांडू. आत्याने सुपाऱ्यांचे भटजी आणि रंगीत तांदळांची सप्तपदी करायला घेतलीय. काड्यापेट्यांचा बंगलाही करतेय. तो मला आवडलेला नाही, पण तू तिच्यासमोर बोलू नकोस.

कार्यालयवाल्यांना आजच फोन करून तीन गोष्टी विचार: हॉल आदल्या दिवशी किती वाजता ताब्यात मिळेल, खिळे ठोकू देतात का, आणि शिडी आहे का. सेलोटेप भिंतीचा रंग घेऊन येते आणि मग डिपॉझिट कापतात. बाबांनी त्यासाठी काथ्याची दोरी आणून ठेवलीय, दोन गुंडाळ्या. एक पुरली असती.

तुझी,
आई

ता. क. येत्या रविवारी इकडे ये. आजोबांचा हात हल्ली सकाळी कमी थरथरतो, ठसा तेव्हाच घेऊ.